चेअरमनसाहेबांचा चमकदार पिंजरा

कोल्हापूरजवळच्या रेसट्रॅकवर त्या दिवशी हौशी लोक आपापल्या गाड्या पळवायला जमले होते. गाड्या तपासायचं काम सुनंदा लोहारकडे होतं. साखर कारखान्याचे चेअरमन रणधीरराव इंगवले ऐटीत गाडी घेऊन आले. गाडी उलटली तर छत चेपू नये म्हणून आत पाइपांचा पिंजरा बसवतात. रावांचा पिंजरा आरशासारखा चकाकत होता. सुनंदानं टिचकी मारली, तर पाइप रिकाम्या डब्यासारखा वाजला.

"साहेब, हा शोभेचा आहे. गाडी ट्रॅकवर सोडता येणार नाही."

"अगं, हत्ती नाचवला तरी वाकायचा नाही हा! नोकरी नको झालीय का तुला?"

सुनंदानं आवाज नरमच ठेवला. "बरं साहेब. पट्टा बांधून आतच बसा. आम्ही दहाजण गाडी अलगद उलटी करतो, खाली गाद्याही घालतो. पिंजरा टिकला की लगेच सही देते."

"वेड लागलंय का? पिंजरा वाकला तर डोकं चेपेल माझं!"

"तेवढंच इथं लिहा साहेब," सुनंदानं तपासणीचा कागद पुढे केला. "मी सांगितलं तर तुम्हाला पटेना."

राव गाडीतून खाली उतरले आणि दिवसभर प्रेक्षकांत बसून इतरांसाठी टाळ्या वाजवत राहिले.