मंजुळेच्या चुलीवरचं झाकण

आपल्या आजीच्या आजीनंही नुसती ऐकलीच होती, इतकी जुनी ही गोष्ट. घाटाच्या पायथ्याशी कोंडझरी नावाचं गाव आहे. तिथे ठमाई राहायची. पोटात विझलेला अग्नी ती पुन्हा पेटवायची, असं म्हणतात.

तापातून उठलेल्या माणसाला कधीकधी भाकरीचा वाससुद्धा नको होतो. अंगात ऊब राहत नाही आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. अशा माणसाच्या पोटाला ठमाई कान लावायची. चुलीतलं लाकूड तडतडावं तसं काहीतरी तिला आत ऐकू यायचं. मग सुंठ, मिरी, पिंपळी आणि चित्रकाचं मूळ कुटून ती काढा उकळायची. तो काढा प्यालेला माणूस पौषातल्या पहाटे उघडा बसला, तर त्याच्या भोवतीचं दव सुकून जायचं, असं म्हणतात.

एकदा गावचे खोत आले. ढेरी सांभाळत ओट्यावर बसले आणि भूकच लागत नाही म्हणाले. ठमाईनं कान लावला आणि तिला हसूच आलं. "अहो खोत, विझलाय कुठे तुमचा अग्नी? गुदमरलाय. आधीचं जळू द्या, मग वर रचा." तिनं काढा दिलाच नाही. आठ दिवस झऱ्यावरून पाण्याच्या घागरी आणायला लावल्या. नवव्या दिवशी खोतांनी तिच्याच दारात बसून कुळथाच्या पिठल्याबरोबर तीन भाकऱ्या खाल्ल्या.

पण तिचा एक नेम होता. काढा देण्याआधी ती त्या घरच्या चुलीवरच्या भांड्याचं झाकण स्वतः उचलून बघायची. आत पेज असेल, निदान कढण असेल, तरच काढा. ती म्हणायची, भूक जागी करायची तर तिच्यापुढे काही ठेवायला नको का?

मग एक वाईट साल आलं. कापणीच्या तोंडावर पावसानं नाचणी आडवी केली आणि मागोमाग गावात ताप शिरला. मंजुळाही तापानं पडली. मंजुळा ही ठमाईची मैत्रीण. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन कोंडझरीत आल्या होत्या. नवरा गेल्यापासून मंजुळा एकटीच होती आणि मानी होती. शेजारणीकडे विस्तव मागायलासुद्धा तिला जड जायचं.

ठमाई गेली, तेव्हा मंजुळा भिंतीला टेकून बसली होती. ठमाईनं पोटाला कान लावला. आत काहीच वाजत नव्हतं. चुलीवर मडकं होतं आणि झाकणाच्या कडेनं वाफ येत होती. ठमाई उठली आणि तिचा हात झाकणाकडे गेला.

"ठमे," मंजुळा म्हणाली, "माझंही भांडं बघणार का गं तू?"

बोलली ती हसतच. पण ठमाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतक्या वर्षांची मैत्रीण, तिचं मडकं कसं उघडायचं? वाफ तर दिसतेच आहे. तिनं हात मागे घेतला, काढा पाजला आणि घरी गेली. पुढचे दोन दिवस तापाची माणसं बघत ती वरच्या वाडीत अडकून पडली.

तिसऱ्या दिवशी ती आली, तर चूल गार होती. मंजुळा अंथरुणावर होती. तिचे डोळे लखलखत होते आणि अंग निखाऱ्यासारखं तापलं होतं. ठमाईनं आता झाकण उचललं. आत नुसतं पाणी होतं आणि तळाशी टाकळ्याची चार पानं.

ठमाई घरी धावली आणि पेज घेऊन आली. तिनं मंजुळेचं डोकं मांडीवर घेतलं. पहिला घोट ओठांवरून तसाच ओघळला.

"तुझ्या हाताला गुण आहे गं," मंजुळा म्हणाली. "किती दिवसांनी भूक लागली." त्यानंतर ती बोलली नाही.

त्या दिवसापासून ठमाईची स्वतःची भूक गेली. स्वतःच्या पोटाला कान लावता येत नाही. पण दुसऱ्यांची भूक मात्र तिला बांधावरून ऐकू यायला लागली. कुणाच्या घरी मडक्यात नुसतं पाणी उकळतंय, हे तिला चालता चालता कळायचं. मग ती पेजेचं मडकं घेऊन न विचारता आत शिरायची. ते मडकं कधी रिकामं झालं नाही, असं म्हणतात. कुणी म्हणतात, ती आपल्याच वाटणीचं वाढत होती. हेच मला जास्त खरं वाटतं.

ती कधी गेली, ते कुणी पाहिलं नाही. एका सकाळी मंजुळेच्या पडक्या चुलीतून पिंपळीचा वेल वर आलेला दिसला, एवढंच.

कोंडझरीत अजून झाकण उचलून बघितल्याशिवाय कुणी कुणाला काढा देत नाही. भाद्रपदात, जुनं धान्य सरलेलं असतं आणि नवं आलेलं नसतं, तेव्हा एके दुपारी सगळ्या बाया चुलीवरची भांडी उघडी ठेवतात. शेजारीण येते, बघते, कमी असेल तिथे ओतते आणि न बोलता जाते. त्या दिवशी लाजायचं नाही, अशी रीत आहे. खोतांच्या घरातलं भांडंही उघडंच असतं.

फक्त एकच मडकं झाकून ठेवतात. त्या वेलापाशी तीन दगडांवर ते पेजेनं काठोकाठ भरलेलं असतं. गावातली सगळ्यात म्हातारी बाई तिथे जाते, क्षणभर थांबते आणि ते झाकण उचलते.