मावशीचे चार शब्द

एका लॅटिन फ्यूजन हॉटेलात तासभर ताटकळल्यावर माझ्या कुमुदमावशीपुढे टाको, म्हणजे सारण भरून दुमडलेली मेक्सिकन पोळी, आला. प्रत्यक्षात ताटलीच्या एका टोकाला कोरडी पोळी, दुसऱ्या टोकाला चिमूटभर राजमा आणि मध्ये चटणीचा ठिपका. भुकेने वैतागलेली मावशी म्हणाली, "अहो, हे निदान एकत्र करून तरी आणा."

ताटली घेऊन आलेला शेफ नाक वर करून म्हणाला, "आम्ही फक्त घटक देतो. जुळवणं हे खाणाऱ्याचं काम. याला कला म्हणतात."

मावशीने स्वतःच जुळवून खाल्लं. थोड्या वेळाने तोच शेफ मोबाइल रोखून आला. "आमच्या जेवणाबद्दल दोन शब्द बोला ना. जाहिरातीत टाकतो."

"दोन कशाला, चार घ्या," मावशी म्हणाली. "जेवण. होतं. छान. नव्हतं. जुळवणं हे ऐकणाऱ्याचं काम."