जांभळाचं पान

एक रान होतं. त्याला राजा होता, म्हणून रानाला राज्य म्हणायची पद्धत होती. राजा वाघ होता. त्याचं प्रजेवर फार प्रेम. भूक लागली की ते त्याला आवरतच नसे.

या रानाच्या बाजारात एक जुनी रीत होती. मक्याची रास लावली की तिच्यावर एक पान खोचायचं. मका ज्या झाडाच्या आसऱ्याने पिकला, त्या झाडाचं पान. मोहाचं पान म्हणजे उतारावरचा मका, जांभळाचं म्हणजे ओढ्याकाठचा. कायदा वगैरे कुणी केला नव्हता. आयांना दर वेळी विचारत बसायला लागू नये, एवढीच सोय.

काजळी हरिणीचं या सोयीवाचून अडायचं. तिचं पाडस टिपक्या. मोहाकडचा मका खाल्ला की त्याच्या अंगावर पित्त उठायचं आणि तो दिवसभर झाडाला पाठ घाशीत उभा राहायचा. ठिपके कुठले आणि पित्त कुठलं, हे फक्त तिलाच ओळखता यायचं. जांभळाकडचा मका मात्र त्याला मानवायचा. म्हणून ती आधी पान बघे, मग दाणे हुंगे, मग त्याच्या पुढ्यात टाकी. टिपक्या म्हणे, "आई, तू हुंगता हुंगता निम्मे संपवतेस."

एकदा प्रधान तरसाने बाजारात नव्या मक्याची रास लावली. दाणे असे चकाकत होते, की रानडुकरांनी त्यात आपली तोंडं पाहून घेतली. राशीवर पान नव्हतं.

"कुठल्या झाडाकडचा?" काजळीने विचारलं.

"झाडाबिडाचा नाही हो, ताई. हा घडवलेला मका आहे. गुण दाण्याच्या आतच बसवलाय. कीड लागत नाही."

"का लागत नाही?"

"लागली की मरते."

काजळीने टिपक्याला हळूच पायांमागे घेतलं.

"अहो, तुमचं पाडस म्हणजे काय कीड आहे का?" तरस हसला. तरसांना हसायला कारण लागत नाही.

"नाही. पण खातं तसंच, प्रधानजी. एकदा तोंड घातलं की थांबत नाही."

मग राजतज्ज्ञ बगळा आला. एका पायावर उभा राहून म्हणाला, "मी या मक्याचा सखोल अभ्यास केला आहे. पूर्ण सुरक्षित आहे."

"खाऊन पाहिलात?"

"बाई, मी मासे खातो."

"हे बघा, मका वाईट आहे असं मी म्हणतच नाही," काजळी म्हणाली. "चांगलाही असेल. गेल्या साली किडीने साळिंदराचं अख्खं शेत गेलं, ते मी पाहिलंय. माझं म्हणणं एवढंच, की याच्यावर एखादं पान खोचा. कुठलंही. पोराच्या अंगावर काही उठलं, तर कशाने उठलं ते मला कळायला नको?"

"पान खोचलं तर प्रजा घाबरेल," तरस म्हणाला.

"आणि नाही खोचलं तर?"

"तर कशाला घाबरायचं तेच कळणार नाही. म्हणजे भीती मुळातूनच गेली की!"

संध्याकाळी तरसाने सभा घेतली. "रानबंधूंनो आणि रानभगिनींनो! काही मंडळी आज दाण्यादाण्यात भेद करू पाहताहेत. म्हणे हा मोहाचा, तो जांभळाचा! फूट पाडणारी ही पानं आपल्याला हवीत का?"

"नकोत!" रानडुकरं ओरडली. त्यांना सभेआधी मका वाटला होता.

"एक रान..."

"एक मका!"

आणि राशीवर पान खोचायला बंदी झाली. दुसऱ्याच दिवशी भुऱ्या वानर एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर गेला, आणि एक पान गिरक्या घेत खालच्या राशीवर पडलं. शिपायांनी भुऱ्याला धरलं. "अहो, ते वाऱ्याने पडलं!" तो म्हणाला. तेव्हा वाऱ्यालाही नोटीस निघाली. वारा तारखेला हजर राहिला नाही, म्हणून त्याच्याविरुद्ध एकतर्फी निकाल लागला. झाडांना पानगळीआधी परवानगी काढायला सांगण्यात आलं.

काजळी मग बाजार सोडून थेट ओढ्याकाठी साळिंदराच्या शेतात जाऊ लागली. लांब पडायचं, पण टिपक्याचं अंग स्वच्छ राहायचं.

असेच दिवस चालले असताना एकदा राजा जेवायला बसला. समोर सांबर होतं. तोंड घालता घालता तो थांबला.

"तरसा, याने कुठला मका खाल्ला होता?"

"महाराज, आपल्या राज्यात सगळे मके समान..."

"ते सभेत. मी जेवायला बसलोय."

बगळा पुढे झाला. "मका पूर्ण सुरक्षित आहे, महाराज."

"मग हे सांबर तू खा."

"महाराज, मी मासे खातो."

"मी काय खातोय ते मला कळायला नको?" राजा गरजला.

हा प्रश्न इतका खोल होता, की आजवर तो कुणालाच कसा सुचला नाही याचं अख्ख्या दरबाराला नवल वाटलं. संध्याकाळच्या आत हुकूम निघाला. मुंगूस घरोघर फिरून सगळ्यांची तोंडं हुंगू लागला. जुन्या मक्याचा वास येतो, नव्याचा येत नाही. वास आला, की कानात जांभळाचं पान. नाही आला, तर पळसाचं. आणि मुदपाकखान्याला ताकीद गेली, की महाराजांसाठी यापुढे फक्त जांभळाचं पान बघून आणायचं.

टिपक्या उड्या मारत आला. त्याच्या कानात हिरवंगार पान डुलत होतं.

"आई, बघ! मला पान मिळालं. तुला हवं होतं ना?"

काजळीने पान ओळखलं. जांभळाचं. त्याला पुढे घालून ती धावतच बाजारात गेली. नव्या मक्यापुढे रांग लागली होती. सगळ्या आयाच होत्या. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

"या ताई!" तरस म्हणाला. "राशीवर पान मात्र नाही हं आमच्याकडे."

"राहू दे. द्या लवकर."

दाणे तिने टिपक्यापुढे टाकले. सवयीने हुंगायला वाकली. वास नव्हताच. टिपक्या खात राहिला आणि ती त्याच्या पाठीवरचे ठिपके एकेक करून चाटत राहिली, म्हणजे उद्या एखादा जास्तीचा उठला तर ओळखू यावा. तेवढ्यात मुंगूस आला, टिपक्याचं तोंड हुंगलं आणि त्याच्या कानातलं पान बदलून गेला.

पुढच्या सभेत तरसाने राज्याच्या प्रगतीचा आढावा घेतला. प्रजेची पानाची मागणी सरकारने संपूर्ण मान्य केली होती. नव्या मक्यावर आयांचा विश्वास किती वाढला, ते रांगाच सांगत होत्या. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, तो खाणारा एकही प्राणी अजून दगावलेला नव्हता.

"जुना मका खाणाऱ्यांबद्दल मात्र," तरस गंभीर होऊन म्हणाला, "दुर्दैवाने तसं सांगता येत नाही."