तीस जणींपैकी एक

“...पण सर, आपलं कोण आणि परकं कोण, हे शरीराला कळतं तरी कसं? आणि मग एका सकाळी अचानक कळेनासं का होतं?”

डॉ. शर्वरी गुळवणी विचारत होती आणि अत्तार सर मटार सोलत होते.

भोरला सरांच्या घराच्या मागच्या पडवीत दोघं बसली होती. सरांचं वय चौऱ्याऐंशी. तीस वर्षांपूर्वी, सुजलेल्या सांध्याला हात कसा लावायचा हे शर्वरीला त्यांनीच शिकवलं होतं. त्यानंतर तिनं आयुष्यातली चोवीस वर्षं एकाच आजाराला दिली. आमवात. ज्यात अंगातली रोगाशी लढणारी शक्तीच आपल्या सांध्यांवर उठते, तो.

आजार होण्याच्या कितीतरी आधी रक्तात त्याची खूण दिसते, हे तिनं शोधून काढलं. त्या खुणेला तिच्या संस्थेत ‘गुळवणी खूण’ म्हणत. पुढच्या महिन्यात तिचा सत्कार होता, भाषण होतं.

आणि आता हे.

“खूण सापडलेल्या शंभर जणींवर आम्ही लक्ष ठेवलं, सर. सत्तर जणींना आजार झाला. तीस जणींना झालाच नाही. तेच रक्त, तीच खूण. त्यांचं शरीर उठलंच नाही. का नाही उठलं?”

तिनं पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला. सरांनी तो घेतला नाही.

“त्या तिसांतली एक सांग.”

“एक म्हणजे?”

“एक बाई.”

शर्वरी घुटमळली. आकडे तिला तोंडपाठ होते. बाई मात्र एकच आठवत होती.

“नूतन घरत. पेणची. घरचा गणपतीचा कारखाना. तिची आई मूर्तींचे डोळे रेखायची. आईची बोटं आमवातानं वाकडी झाली, तेव्हा ते काम नूतनकडे आलं. आईबरोबर तिचंही रक्त तपासलं, तर खूण निघाली. तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती.”

“तू काय सांगितलंस?”

“पाच वर्षांत हात जातील, असं सांगितलं.”

“मग?”

“तिनं काम सोडलं. आईसारखं अर्ध्यावर हातातून निसटण्यापेक्षा आधीच सोडलेलं बरं, म्हणाली. बालवाडीत शिकवायला लागली. आता अकरा वर्षं झाली. गेल्या महिन्यात तपासायला आली होती. हात ठणठणीत आहेत.”

“आनंद झाला असेल तिला.”

“नाही ना, सर. दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि मला विचारलं, ‘मॅडम, मग आता कधी?’ रोज सकाळी उठल्या उठल्या मूठ वळून बघते म्हणे. अकरा वर्षं...”

“तू काय म्हणालीस?”

“काही नाही. नोंदवहीत लिहिलं, लक्षणं नाहीत.”

सरांनी मटारचं ताट बाजूला सरकवलं. हात धोतराला पुसले.

“हात दे.”

शर्वरीनं उजवा हात पुढे केला. सरांनी बोटांच्या मुळाशी एकेक सांधा दाबून पाहिला, अगदी जसा तिला शिकवला होता तसा. मग डावा हात घेतला. बराच वेळ डोळे मिटून बसले.

“पाच वर्षं,” ते म्हणाले. दवाखान्यात बोलायचे त्या आवाजात. “मग ही बोटं वळायची नाहीत.”

ती हसली. सर हसले नाहीत.

“सर, कशावरून?”

...

“सर, गंमत करताय ना?”

सरांनी ताट परत पुढे ओढलं. “ऊन चढायच्या आत नीघ. गाडी चालवायची आहे तुला.”

दुसऱ्या दिवशी पुण्याला आपल्या घरी शर्वरीला जाग आली. डोळे अजून उघडले नव्हते. पांघरुणाखाली उजव्या हाताची मूठ वळली होती. तिनं ती वळवली नव्हती. तिनं बोटं सरळ केली. मग डावी मूठ वळून पाहिली.

ती उठून बसली. तिला स्वतःचाच राग आला. देशातल्या चार मोठ्या तज्ज्ञांत तिचं नाव होतं. सांध्यांना सूज नाही, रक्तात काही नाही, हे तिच्याइतकं कोणाला कळणार? एका म्हाताऱ्या माणसानं पडवीत बसून काहीतरी म्हटलं होतं, एवढंच.

तिसऱ्या दिवशीही मूठ वळली.

चौथ्या दिवशी ती पेणला गेली.

बालवाडी सुटली होती. नूतन चटया गुंडाळत होती. शर्वरीला दारात पाहून तिच्या हातातली चटई खाली पडली.

“रिपोर्ट वाईट आला का मॅडम?”

“नाही. तू विचारलं होतंस, आता कधी. त्याचं उत्तर द्यायला आले.”

नूतन भिंतीला टेकून उभी राहिली.

“मला माहीत नाही,” शर्वरी म्हणाली. “होईल की नाही तेही माहीत नाही. आणि... तेव्हाही माहीत नव्हतं.”

ही वाक्यं ती वाटेभर घोळवत आली होती. ती बोलली की हलकं वाटेल, दोघींनाही, असं तिनं धरलं होतं.

नूतन भिंतीपासून दूर झाली.

“तेव्हा तर कसं ठाम बोललात,” ती म्हणाली. “पाच वर्षं. चार नाही, सहा नाही. माझा बाप रडला तुमच्यासमोर. तेव्हा नव्हतं माहीत?”

“आमच्याकडे जेवढं होतं त्यावरून...”

“अकरा वर्षं मी ब्रशला हात लावला नाही. भाऊ म्हणायचा, एक तरी मूर्ती कर, घरच्यापुरती. मी म्हटलं, नको, सवय लागेल. सवय लागेल, मॅडम! लग्नाला नाही म्हटलं. उद्या पोर उचलता आलं नाही तर काय, म्हणून.” तिचा आवाज चढला. “आणि आज येऊन सांगताय?”

शर्वरी खाली बसली आणि पडलेली चटई गुंडाळायला लागली. नूतननं ती तिच्या हातातून काढून घेतली.

सगळ्या चटया कोपऱ्यात लावून झाल्यावर नूतननं दाराचं कुलूप हातात घेतलं.

“पुढच्या वर्षी तारीख कुठली?”

“कसली?”

“तपासायची. दर वर्षी बोलावता ना तुम्ही?”

“तू येशील?”

“येणार.” आणि ती कुलूप लावून निघून गेली. मागे वळून पाहिलं नाही.

शर्वरी तशीच भोरला गेली. सर पडवीतच होते. बसायच्या आधीच तिनं सगळं सांगून टाकलं, उलटसुलट, जसं आठवेल तसं.

“मला काही कळत नाही, सर. खोटं सांगितलं होतं तेव्हा तिनं पाया पडून आभार मानले होते. खरं सांगितलं तर तोंड फिरवलं. बरं, चिडली तर चिडली. मग यायचं तरी कशाला? मी तिच्या जागी असते तर संस्थेची पायरी चढले नसते.”

सरांनी पाण्याचा तांब्या तिच्यापुढे सरकवला.

“भाषणात आता काय बोलू? त्या तिसांबद्दल बोलले तर लोक विचारणार, का? आणि माझ्याकडे उत्तर नाही. नाही बोलले, तर ती...” ती थांबली. “आणि सर, माझ्या हातांचं... ते तुम्ही उगीच म्हणालात ना?”

“मला काय माहीत.”

शर्वरीनं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच दिसेना. पडवीत माश्या घोंघावत होत्या. मग सरांनी विचारलं,

“जाताना ती नेमकं काय म्हणाली?”

“सांगितलं ना. तपासायला येणार म्हणाली.”

सर पुढे वाकले.

“तपासून घ्यायला... की तुला तपासायला?”