बागेचे मालक हाजिर हो!

"उद्या सकाळी ही बाग तोडायची!" राजा दुर्जयसेनाने फर्मान सोडलं आणि ते घटकाभरात अख्ख्या करंजनगरीत पसरलं.

सगळ्यांची म्हणून नगरीत एवढी एकच बाग होती. उन्हातून आलेले हमाल तिथे पाठ टेकायचे, सासुरवाशिणी पाण्याहून परतताना घटकाभर बसून मन मोकळं करायच्या, पोरं चिंचा पाडायची. पण शेजारच्या राजाने आठ हत्ती भेट पाठवले होते आणि हत्तीखान्याला जागा हवी होती. 'नको' म्हणायची दरबारात कुणाची छाती होईना. प्रधानजी तर म्हणाले, "वा महाराज! झाडं काय, जन्मभर एका जागी उभी! हत्ती निदान चालतात तरी!"

सकाळी राजा स्वतः हत्तीवर बसून आला. मागे कुऱ्हाडवाले. फाटकात राखणदार लिंबाजी काठी आडवी धरून उभा होता. लिंबाजी म्हणजे नुसती हाडांची मोळी! लांबून बघणाऱ्याला काठी कुठली आणि लिंबाजी कुठला, तेच कळत नसे.

"बाजूला हो!" मुकादम ओरडला.

"होतो की! मला ढकलायला हात कशाला, फुंकर पुरे. पण मालकांना विचारल्याशिवाय आत सोडलं, तर मी राखणदार कसला?"

राजा हत्तीवरून वाकला. "मालक? या बागेला कोण मालक?"

लिंबाजीने डोकं खाजवलं. 'तुम्हीच' म्हणावं तर बाग गेली, 'कुणीच नाही' म्हणावं तरी गेली!

"आहेत, महाराज. पुष्कळ आहेत. बाग सगळ्यांची आहे ना!"

"असं?" राजाने मिशीला पीळ दिला. "मग उद्या सगळे मालक दरबारात हजर कर! बाग द्यायची की नाही, हे मी त्यांना तोंडावर विचारीन. सगळ्यांना विचारल्याशिवाय एका फांदीलाही हात लावणार नाही, हा दुर्जयसेनाचा शब्द! पण ते 'हो' म्हणाले, तर पहिला घाव तू घालायचास!"

राजा पक्का होता. त्याच्यासमोर कुणाच्या तोंडून 'नाही' निघत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

लिंबाजी तडक घरी आला. बायकोने, पारूने, सगळं ऐकून घेतलं.

"अहो, पण महाराजांपुढे 'नाही' म्हणेल कोण?"

"कोणी नाही! मीसुद्धा नाही. महाराजांनी डोळे वटारले की आधी माझा 'हो' बाहेर पडेल, मग मी!"

"मग आता करणार काय?"

"माझ्यासारख्या भित्र्याला एकच विद्या येते, पारू. पळवाट शोधायची!"

दुसऱ्या दिवशी दरबारात मुंगीला शिरायला जागा नव्हती. हमाल, तेली, कासार, लेकुरवाळ्या बाया, काठ्या टेकत आलेले म्हातारे, सगळे दाटीवाटीने उभे होते.

"बोला!" राजा गरजला. "बाग द्यायची की नाही?"

पुढच्या एका म्हाताऱ्याने हात जोडले. "ज... जशी आज्ञा..."

"थांबा, थांबा!" लिंबाजी धडपडत पुढे आला. "इतक्यात विचारू नका, महाराज! मालक अजून सगळे आलेले नाहीत."

"कोण राहिलंय? आत्ता स्वार पाठवतो! मुसक्या बांधून आणतील!"

"घोडे पोचायचे नाहीत, महाराज. मालक अजून वाटेत आहेत. ही कुंभाराची सून भागू. हिच्या पोटातला मालक दिवाळीच्या सुमारास येईल म्हणतात. बाग द्यायची की नाही, हे मी त्याला विचारून पाहिलं. पण माझं कोण ऐकतं? माझं घरातली शेळी ऐकत नाही!"

दरबारात खसखस पिकली. राजाच्या कपाळावर आठ्या चढल्या.

"ठीक आहे! दिवाळीपर्यंत थांबतो!"

"थांबा की! पण तोवर आणखी कुणीतरी वाटेला लागलेलं असणार. मग त्यांची पोरं, त्या पोरांची पोरं... सगळ्यात शेवटचा मालक जन्मला, की मी स्वतः त्याला खांद्यावर बसवून घेऊन येतो! खांदा टिकला तर."

"मला चकवतोस?"

"माझी काय बिशाद! मला बागेतल्या खारी रोज चकवतात. शब्द तुमचा आहे, महाराज. सगळ्यांना विचारल्याशिवाय फांदीला हात नाही! आणि लहान तोंडी मोठा घास घेतो... आपल्या सूनबाईसाहेबांनाही दिवस गेलेत, असं नगरीत बोलतात. म्हणजे एक मालक खुद्द वाड्यातला! त्याचाही निरोप अजून आलेला नाही."

तेवढ्यात पडद्याआड बांगड्या किणकिणल्या आणि राणीसाहेबांचं हसू ऐकू आलं. राजाची मिशी एकदा थरथरली, दोनदा थरथरली, आणि मग तो असा हसला, असा हसला, की सिंहासन करकरायला लागलं!

"म्हणजे नातवाची परवानगी नाही, म्हणून आजोबा अडला! आठ हत्ती बांधायला निघालो आणि या काडीने मलाच बांधून घातलं! हत्तींना जागा शोधता शोधता माझ्या अकलेलाच जागा उरली नाही!"

"वा महाराज! अगदी खरं बोललात!" प्रधानजी सवयीने म्हणाले आणि त्यांनी जीभ चावली.

राजा आणखीच हसला. "हत्ती माझ्या शिकारीच्या माळावर बांधा! बाग आहे तिथेच राहील. आणि या राखणदाराला मानाचं पागोटं आणा!"

भरजरी पागोटं आलं. राजाने ते स्वतःच्या हाताने लिंबाजीच्या डोक्यावर ठेवलं, तर ते सरळ नाकापर्यंत उतरलं!

"महाराज," पागोट्याच्या आतून आवाज आला, "डोक्यात काही असतं, तर टेकलं असतं हो!"

"असू दे, लिंबाजी!" राजा डोळे पुसत म्हणाला. "माझंही आजपासून ढिलंच बसणार आहे!"