खंडेनवमीची सुट्टी

"हे डबडं दसरा झाला की भंगारात! आणि त्याच्याबरोबर तुम्ही तिघंही घरी!" रत्नदुर्ग बँकेचे अध्यक्ष दौलतराव गरजले.

डबडं म्हणजे तळघरातला मेनफ्रेम, कपाटाएवढा जुना संगणक. कौस्तुभ नावाच्या सूटवाल्या सल्लागारानं साहेबांचे कान भरले होते, की आता सगळं नव्या ॲपवर चालतं, हा म्हातारा फुकटची वीज खातो. झालं! साहेब एकदा हट्टाला पेटले की ब्रह्मदेवाचंही ऐकत नसत.

यंत्र सांभाळणाऱ्या तिघांपैकी चंद्रप्रभा बोराटे पुढे झाली. "साहेब, अजून पुष्कळ वर्षं याच्याशिवाय..."

"पुरे तुझी टकळी! याला भविष्य आहे ना? मग दसऱ्याच्या आत सिद्ध कर. पण याच्याविषयी तोंडातून ब्र काढायचा नाही, कागदावर लिहायचं नाही! जमलं तर राहा."

कौस्तुभ खुदकन हसला. चंद्रप्रभानं ओठ मिटले ते मिटलेच.

खंडेनवमी आली. बँकेत नव्या ॲपचं उद्घाटन, पाहुणे, पेढे, सनई! शिपाई प्रिंटरला, लिफ्टला हळदकुंकू लावत फिरत होते. चंद्रप्रभा झेंडूचा हार घेऊन साहेबांपुढे उभी राहिली आणि तिनं बोट तळघराकडे केलं.

"म्हाताऱ्याची निरोपाची पूजा? करा, करा!" दौलतराव खो खो हसले. "आणि रीत पाळा हं! पूजेनंतर यंत्राला विश्रांती. उद्यापर्यंत बंद म्हणजे बंद!"

तिनं मान डोलावली. खाली जाऊन यंत्र रीतसर बंद केलं, हार घातला, नारळ फोडला.

वर साहेबांनी ऐटीत ॲपवर बोट ठेवलं. पडद्यावर चक्र फिरू लागलं. फिरतंय आपलं गरागरा! पाहुणे खोकले. कौस्तुभनं फोन झटकला, फुंकला. एटीएमपुढचे लोक शिव्या घालू लागले.

"अगं, काय केलंस?" साहेब धापा टाकत तळघरात आले, मागोमाग कौस्तुभ.

चंद्रप्रभानं तोंडावर बोट ठेवलं.

"बोल गं बाई! सोडली अट!"

"साहेब, तुमच्याच हुकुमानं याला सुट्टी दिली. ॲपचा नुसता मुखवटा नवा. हिशेब तर हाच करतो! मी कुठं काय बोलले? तुमच्या ॲपनंच भर सभेत सांगितलं, की याच्यावाचून आपलं पान हलत नाही!"

दौलतरावांनी कौस्तुभकडे पाहिलं. त्याची नजर बुटांवर! साहेबांना असं हसू फुटलं, की पोट धरून ते खुर्चीत बसले.

"जिंकलीस! तिघांच्याही नोकऱ्या कायम, आणि आजपासून या विभागाची प्रमुख तू. आणखी काय हवं?"

"एक शिकाऊ हवा, साहेब. हे सूटवाले चालतील!"

"दिला!" साहेब म्हणाले. "पण आधी ते यंत्र चालू कर, माझे आई!"