उरलेले किडे

बरं वाटलं की औषध बंद, हे तुम्हाला शिकवलं तरी कोणी?

रानात माणूस यायच्या आधीची गोष्ट. एका फणसाला खोडकिडा लागला. सुतारपक्षी रोज चोचीतून कडुलिंबाचा रस आणून त्याच्या खोडातल्या भोकांत सोडायचा. बरेच किडे मेले. फणसाला नवी पालवी फुटली.

"पुरे आता," फणस म्हणाला. "तुझ्या रसानं माझे गरेसुद्धा कडू होतील."

"दादा, चिवट किडे अजून आत जिवंत आहेत. आणखी थोडे दिवस सोस."

"नको म्हटलं ना! जा."

पक्षी गेला. आत रसाला दाद न देणारे तेवढे किडे उरले होते. त्यांची पिलावळही तशीच निपजली आणि या फणसाच्याच बीतून शेजारी उगवलेल्या रोपट्यात शिरली.

सुतारपक्षी रोपट्यासाठी पुन्हा रस आणू लागला. रोपटं तो मुकाट्यानं घ्यायचं, पण किडे पोखरतच राहिले. एके सकाळी त्याचा शेंडा वाळला.

"बाबा, मी एकदाही नको म्हटलं नाही. मग मी बरं का होत नाही?"

 फणसाच्या फांदीवरची खार त्याला म्हणाली, "बोल ना रे, ते तुला विचारतंय."